मित्राचं लग्न मी लावलं तर चालेल का?

प्रश्न : वकीलताई, मी बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात शिक्षक आहे. माझा मित्र मराठा, त्याची होणारी बायको बैलहोंगलकडची लिंगायत. दोन्ही घरं राजी आहेत. भटजी बोलवायचे की लिंगायतांचे जंगमस्वामी, यावरून रुसवेफुगवे नकोत म्हणून दोघांनी मलाच गळ घातलीय : ‘तुला मराठी येतं, कन्नड येतं, तूच आमचं लग्न लाव.’ आनंद झाला, पण धास्तीही वाटते. अमेरिकेत म्हणे ऑनलाइन परवाना काढून मित्र मित्राचं लग्न लावतो. इथं तसं काही काढावं लागतं का? उद्या कोणी म्हणालं, हे लग्नच नव्हे, तर?

उत्तर : सर, परवाना लागत नाही, आणि तो ऑनलाइन कागद इथं कामाचाही नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लग्न कुणी लावावं याची अटच नाही. अटी आहेत त्या नवरानवरीला. लिंगायतांचा उल्लेख या कायद्यात नावानिशी आहे, त्यामुळे तुमची जोडी याच कायद्यात बसते. लग्न दोघांपैकी कुणाही एकाच्या रीतीप्रमाणे लागलं तरी चालतं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं १८७३ सालीच भटजीविना लग्न लावलं होतं. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी आज कुठल्याही जातीच्या बायकापुरुषांना पौरोहित्य शिकवते. तेव्हा मंगलाष्टका बिनधास्त म्हणा.

धास्ती बाळगायची ती विधीची. कायद्याचं सातवं कलम सांगतं की ज्या रीतीत सप्तपदी आहे, तिथं सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं झालं आणि बंधनकारक झालं. ज्या रीतीत सप्तपदी नाही, तिथं ती रीत काय, हे सिद्ध करावं लागतं.

ते किती अवघड असतं ते मी पाहिलंय. हुक्केरीकडची एक बाई माझ्याकडे आली होती. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, म्हणून हिनं फिर्याद दिली. हिचं लग्न नात्यातल्या एका काकांनी घरापुढच्या मांडवात लावलेलं. उलटतपासणीत समोरच्या वकिलानं विचारलं, ‘सप्तपदी झाली का?’ ती म्हणाली, ‘अक्षता पडल्या, मग सगळे जेवायला उठले.’ खरं तेच सांगितलं बिचारीनं. आमच्यात सप्तपदी नसतेच, असं म्हणावं तर गावातल्या दोन वडीलधाऱ्यांनी दोन तऱ्हा सांगितल्या. अल्बम पानापानानं उलटला : हार, अक्षता, मामा, आंतरपाट, पंगत. पावलांचा एकही फोटो नव्हता. हिचं लग्नच सिद्ध झालं नाही, म्हणून फिर्याद टिकली नाही. त्या काकांनी काही वाईट हेतूनं केलं नव्हतं, हे मला अजून टोचतं.

तुमच्या बाबतीत हे दुप्पट लागू आहे. दोन घरांच्या रीती जोडून तुम्ही नवा सोहळा बांधणार, त्याच्यामागे शंभर वर्षांचा रिवाज उभा नसणार. म्हणून मराठा बाजूची सप्तपदी अग्नीसमोर पुरी करा. सातही पावलं मोजून, दोघांना समजेल अशा भाषेत. बसवण्णांची वचनं, कन्नड आशीर्वाद, हवं ते त्याच्या आधी किंवा नंतर घ्या. कन्यादान करायचं नसेल तर नका करू. त्यावाचून लग्न अडत नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये म्हटलंय.

लग्न लावण्याआधी दोघांची एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, मार्क्सकार्डं स्वतः हातात घेऊन जन्मतारखा बघा. मुलगा २१, मुलगी १८. मित्रावर विश्वास असला तरी बघाच. बालविवाह लावणाऱ्यालाही २००६ च्या कायद्यानं दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि कर्नाटकात असा विवाह मुळातच रद्दबातल धरतात. कुणाचं आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा मागा. तुमच्या जोडीत नात्याचा प्रश्न नाही. पण आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, तिथं तसा रिवाज असल्याचं दाखवता आलं पाहिजे.

दुसऱ्या कुणी अशीच गळ घातली आणि वधूवरांपैकी एक जरी ख्रिस्ती असेल, तर हात जोडून नाही म्हणा. १८७२ च्या कायद्यानुसार अधिकार नसताना असं लग्न लावणं हा गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. धर्म वेगळे असतील तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची वाट धरावी : विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, तीस दिवसांची थांबणूक, मग त्याच्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर एकमेकांना स्वीकारल्याचे शब्द. तिथं लग्न लागतं ते त्या शब्दांनी. तुमचा सोहळा मग आनंदासाठी.

नोंदणी सब रजिस्ट्रारकडे महिन्याच्या आत उरका. शाळेच्या दाखल्यावर आद्याक्षर आणि आधारवर पूर्ण नाव, हा घोळ आपल्या भागात फार. तो आधी मिटवा, आणि अर्जातली कन्नड नावं सही करण्यापूर्वी मोठ्यानं वाचा. पण नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानं लग्न होत नाही. विधीच झाला नसेल तर प्रमाणपत्राला अर्थ नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

शेवटचं काम तुमचंच. उद्या वेळ आली तर साक्षीला तुम्हालाच बोलावतील. तारीख, वेळ, जागा, कोणते विधी झाले, हे एका कागदावर लिहा आणि दोन्हीकडच्या दोन-दोन वडीलधाऱ्यांच्या सह्या घ्या. अक्षता पडल्या की मांडव रिकामा होतो आणि फोटोग्राफरही पंगतीला बसतो. त्याला अक्षतांआधीच जेवू घाला. पहिल्या पावलापासून सातव्यापर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही, असं त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.