सदाफुलीचा काढा घेऊन कॅन्सर बरा होतो का?

काढ्यानं नाही होत, पण तुम्ही सदाफुलीचं नाव घेतलंय ते अगदीच हवेतलं नाही. तिच्यापासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कीमोची औषधं मिळतात. पेशी दोन होताना आत बारीक दोऱ्यांची जाळी विणली जाते, ही औषधं ती विणूच देत नाहीत, मग पेशी तिथंच अडकून मरते.

आपल्या कोल्हापूरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या जंगलात नरक्या म्हणून झाड आहे, घाण वास येतो त्याला, त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं, कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य असतं. ते पहिल्यांदा सापडलं चीनमधल्या एका झाडात, १९६६ साली वॉल आणि वाणी या दोघांनी शोधलं, आणि हे मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे बरं का! डीएनएचा पीळ सोडवणारं एक एन्झाइम असतं, कॅम्प्टोथेसिन त्यालाच धरून ठेवतं, डीएनए तुटतो आणि पेशी संपते. पण मूळ पदार्थ शरीराला फार जड जातो, म्हणून त्यात बदल करून टोपोटिकॅन, इरिनोटिकॅन ही कीमोची औषधं बनवली. आणि या औषधासाठीच आपल्याकडचं नरक्या चोरून तोडून नेतात, फार जीव तुटतो बघून.

हळदीचं म्हणाल तर तिच्यातलं करक्यूमिन प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींवर चालतं पण पोटातून रक्तात फार कमी उतरतं.

काढ्यात औषध किती उतरलं कुणालाच कळत नाही आणि सदाफुली विषारी आहे हो, पेशंटला कृपा करून देऊ नका. चालू कीमोबरोबर काहीही घ्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.