बीफ स्ट्यूबरोबर साइडला काय काय करावं?

तुम्ही विचारलंय की शनिवारी आठ माणसं जेवायला आहेत, मेनला बीफ स्ट्यू ठरलाय, तर साइडला "किमान चार-पाच तरी" डिशेस सुचवा, टेबल भरलेलं दिसलं पाहिजे. हे "टेबल भरलेलं दिसलं पाहिजे" वाचलं आणि माझं डोकं उठलं, म्हणून लिहायला बसले. दोनच करा. एक रस्सा टिपून घ्यायला आणि एक आंबट. बास.

मी वसईची, आमचं ख्रिश्चन घर, बीफ लहानपणापासून खातोय. लग्नानंतर आयर्लंडला आले, कॉर्कला असतो. इथे थंडी पडली की घरोघरी स्ट्यू होतो आणि मीही तो इथल्याच पद्धतीने शिकले. शिनचं म्हणजे पायाच्या नळीचं मांस, कांदा, गाजर, सेलरी, थोडा थाइम आणि एक बाटली काळी स्टाउट बिअर. डब्लिनचे लोक गिनेस घालतात, कॉर्कात मर्फीज नाहीतर बीमिश, मी मर्फीज घालते कारण ती कमी कडू आहे. मांस आधी थोडं थोडं घेऊन चांगलं लाल परतायचं, मग झाकण लावून ओव्हनमध्ये १५० वर तीन तास. नळीच्या मांसात चिवट पडदे असतात ते या वेळात हळूहळू विरघळतात आणि रस्सा असा होतो की खाताना ओठाला ओठ चिकटतात. हे सगळं घाई न करण्यावर आहे, तापमान वाढवलं की खेळ खलास.

आता २०१८ च्या नोव्हेंबरची गोष्ट. माझी नणंद मँचेस्टरहून आली होती, आणि आमच्या शेजारचे म्हातारे आजोबा, ह्यांचे ऑफिसमधले दोघं, त्यांच्या बायका, आम्ही दोघं, बरोब्बर आठ, तुमच्यासारखेच. मी दोन दिवस आधीपासून तयारी केली होती. सकाळी ब्राऊन सोडा ब्रेड भाजून फडक्यात गुंडाळून ठेवला. आणि लोणचं. आमच्याकडे लग्नात जे गोड-आंबट लोणचं करतात, कच्ची पपई, गाजर, खारीक, आलं-लसूण, व्हिनेगर, साखर, तेच. इथे कच्ची पपई मिळाली नाही म्हणून नुसतं गाजर-खारकेचं केलं. गाजराला मीठ लावून उन्हात सुकवतात, नोव्हेंबरात कॉर्कला ऊन कुठलं, मी ट्रेवर पसरून रात्रभर हीटरवर ठेवलं होतं, सकाळी गाजराच्या कडा वळल्या होत्या, अगदी मम्मीच्या अंगणात वळायच्या तशा.

नणंद पाच वाजता किचनमध्ये आली, म्हणाली बाकीचं काय आहे. मी म्हटलं हेच. म्हणाली, "अगं पाहुण्यांसमोर एवढंच ठेवणार? पाव आणि लोणचं?" मी काही बोलायच्या आत तिने फ्रीझरमधली रोस्ट बटाट्याची पिशवी काढली, फ्लॉवर चिरायला घेतला, चीज किसलं, आणि मी आंघोळीला गेले तेवढ्यात दोन्ही ट्रे ओव्हनमध्ये आणि ओव्हन २०० वर. स्ट्यू खालच्या कप्प्यात होता.

मी बाहेर आले ती वासानेच. जळलेल्या साखरेसारखा कडवट वास, गाजर-कांद्याचा आणि बिअरचा गोडवा तळाला लागला की तसाच येतो. झाकण काढलं तर रस्सा खदखदा उकळतोय, वरचा बोटभर आटलेला, आणि कालथा घातला तर तळाला खरखर. मी ढवळलं नाही, एवढी अक्कल मम्मीने दिलेली, लागलेलं कधी खरवडायचं नाही. वरचं वरचं डावाने दुसऱ्या भांड्यात काढून घेतलं, थोडं गरम पाणी घातलं. रस्सा वाचला पण मांस नाही. तीन तासात जे मऊ झालं होतं ते त्या अर्ध्या तासात आवळलं, धागे धागे सुटले पण आतून कोरडे, चावत बसावं लागत होतं.

आणि टेबल भरलं होतं, हो. बटाटे होते, फ्लॉवर चीज होतं, शिवाय तिने गार्लिक ब्रेडही गरम केला होता. शेजारच्या आजोबांनी बटाट्याला हात लावला नाही, एकामागून एक चार तुकडे ब्रेड घेतला, रस्सा पुसून खाल्ला, आणि लोणचं दोनदा मागून घेतलं. जाताना विचारलं की ही बाटली विकत कुठे मिळते. मी उरलेली बरणी त्यांना दिली. फ्लॉवर चीजचा जवळजवळ अख्खा ट्रे दुसऱ्या दिवशी आम्हीच संपवला. तरी नंतर वसईला फोनवर काय गेलं तर "तिने पाहुण्यांची पाव-लोणच्यावर बोळवण केली, मी होते म्हणून निभावलं." सासूबाईंनी मला पुढच्या रविवारी विचारलं. मी तेव्हा काही बोलले नाही कारण नणंद मोठी आहे. आज बोलते.

पाहुण्यांचा मान डिशेस मोजून होत नाही. स्ट्यू हेच पूर्ण जेवण आहे, त्यात मांस आहे, भाजी आहे, रस्सा आहे. त्याच्या शेजारी चीज, क्रीम, बटर घातलेलं काहीही ठेवलं की जड त्याच्यावर जड, चार घासांत तोंड बसतं. तोंडाला हवं असतं आंबट, काहीतरी कुरकुरीत, थंड. मटणाच्या रश्शाबरोबर आपण कांदा-लिंबू घेतो ते काय उगाच? दुसरं म्हणजे ओव्हन एकच असतो, तो तीन तास स्ट्यूचा आहे, त्यात २०० वर भाजायचं काहीही घेऊ नका. साइड निवडायचा माझा पहिला नियम हाच आहे, चव नंतर. जे सकाळी होऊन जातं किंवा गॅसवर दहा मिनिटांत होतं तेच घ्या.

ब्रेड सोपा आहे. ४५० ग्रॅम पीठ, अर्धी कणीक अर्धा मैदा, एक सपाट चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा मीठ, साधारण ४०० मिली बटरमिल्क, नसेल तर घट्ट आंबट ताक. मळायचं नाही, हाताने फक्त एकत्र आणायचं, गोळा करून वर सुरीने खोल क्रॉस कापायचा आणि लगेच ओव्हनमध्ये, कारण ताक लागलं की सोडा काम सुरू करतो, वाट बघत बसलात तर हवा निघून जाते आणि वीट होते. २२० वर पंधरा मिनिटं, मग २०० वर अर्धा तास. उलटा करून टकटक केलं की पोकळ आवाज आला पाहिजे. कापायची घाई नको, गार झाल्यावरच.

माझ्या वॉर्डातल्या केरळच्या मैत्रिणीने एकदा सुचवलं की अप्पम कर, तिच्याकडे बीफ इश्टूबरोबर तेच असतं. तिच्या घरी खाल्लंय, फार सुंदर लागतं, पण तो इश्टू पातळ, नारळाच्या दुधाचा, मिरी-वेलचीचा, तो अप्पमच्या जाळीत शिरतो. ह्या काळ्या दाट रश्शाखाली अप्पमचा लगदा होतो. त्यामुळे तुमचा स्ट्यू कुठला आहे त्यावर बघा, तुम्ही ते लिहिलेलंच नाही.

आणि हो, मॅशबद्दल. स्ट्यूत बटाटा घातला असेल तर मॅश अजिबात नको. नसेल घातला तर मॅश चालेल, मी नाही म्हणत नाही, मग पिठूळ जातीचा बटाटा घ्या, इथे रूस्टर मिळतो, आणि मग ब्रेड नाही केलात तरी हरकत नाही. कोबी बारीक चिरून लोण्यावर पाच मिनिटं परतलेलाही छान लागतो, फक्त शिजवून मऊ करू नका. कोणी शाकाहारी येणार असेल तर त्यांच्यासाठी वेगळं नीट काहीतरी करा, साइड डिशवर त्यांना बसवू नका, ती खरी बोळवण. महाराष्ट्रातून विचारत असाल तर तिथे २०१५ पासून बैलाचंही बंद आहे, म्हशीचं मिळेल, ते शिजायला जास्त वेळ घेतं, तासभर वाढवा. बीपी असणाऱ्यांनी लोणचं बेताने.

लोणच्याचं माप, अर्धा किलो गाजर बोटाएवढं चिरून, मीठ लावून, पाणी काढून सुकवलेलं, दीडशे ग्रॅम खारीक उभी चिरून, आलं आणि लसूण मूठ-मूठ, दोन चमचे मोहरीची डाळ, एक चमचा तिखट, २०० मिली व्हिनेगर, १०० ग्रॅम साखर. व्हिनेगर-साखर उकळून पूर्ण गार करायचं आणि मगच ओतायचं. शनिवारी जेवण आहे तर बुधवारपर्यंत घाला, शुक्रवारी रात्री घातलंत तर खारीक कडकच राहील.