सुट्टीच्या दिवशीही काही शिकलो नाही तर अपराधी वाटतं. हा बर्नआउट आहे का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी आठ तासांचीच आहे, पण रविवारी दुपारी डोळा लागला तरी 'एवढ्यात एक कोर्स झाला असता' असं मनात येतं. मी असाच पाच वर्षं जगलो, म्हणून लिहितोय.

मी नागपूरचा. मिहानमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. रात्री साडेअकरापर्यंत अमेरिकेचे कॉल, पहाटे पाचला उठून सर्टिफिकेशनचा अभ्यास, वर्धा रोडवर गाडी चालवताना कानात दीडपट वेगानं लावलेलं व्याख्यान. कॉल सोडले तर यातलं काहीच कंपनीनं सांगितलेलं नव्हतं.

२०२३ चा मे. संध्याकाळी कूलरच्या टाकीत पाइप सोडला आणि बाजूला लॅपटॉप घेऊन बसलो. टाकी भरली, वाहायला लागली, पाणी खिडकीतून आत येऊन गादीखाली गेलं. मला सगळं दिसत होतं. नळ चार हातांवर होता, पण उठताच येईना. ताप नव्हता, काही दुखतही नव्हतं. आई धावत आली, "काहून बसून राह्यला रे असा? पाणी वाहून राह्यलं ना!" आणि मी रडायला लागलो. सदतीस वर्षांचा माणूस, ओल्या फरशीवर.

थायरॉइड, बी-१२, साखर, हिमोग्लोबिन, सगळं तपासलं. सगळं ठीक निघालं. मग समुपदेशकाकडे जायला लागलो.

त्या आठवड्यात दादा घरी आला. म्हणाला, "बाबानं मिलमध्ये तिन्ही पाळ्या केल्या. त्यायले तं काही झालं नाही. ही एसीत बसणाऱ्यायची थेरं आहेत." तेव्हा मी गप्प बसलो. आता बोलतो.

बाबांची पाळी सुटली की भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की काम संपलं. घरी येऊन आंघोळ करायची, गच्चीवर पाणी शिंपडायचं, सतरंजी टाकून आडवं व्हायचं. आज नवीन काय शिकलात, असं त्यांना कुणी विचारत नव्हतं. कष्ट त्यांचे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होते, पण त्या कष्टांना शेवट होता. माझ्या कामाला भोंगाच नाही.

आमच्या घरात भीती शिरली ती मिल बंद पडल्यावर. पगार थांबला आणि दादानं एकोणिसाव्या वर्षी ठरवून टाकलं की हातात दुसरं काही नसेल तर माणूस संपतो. तीच भीती त्यानं मला शिस्त म्हणून शिकवली.

रविवारची सुट्टी आपल्याला कुणी फुकट दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी ती मागितली, वर्षानुवर्षं लढले, तेव्हा १८९० मध्ये मिळाली. १९४२ ते ४६ या काळात बाबासाहेबांनी श्रमखातं सांभाळलं, आठ तासांच्या दिवसासाठी उभे राहिले, आणि १९४६ मध्ये कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. ज्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्या घरात आराम करणाऱ्याला आळशी म्हणणं मला मान्य नाही.

तुमच्या प्रश्नाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. ती त्याला आजार मानत नाही. कामाचा ताण दीर्घकाळ हाताळला गेला नाही की त्यातून हे होतं, असं म्हणते. लक्षणं तीन: ताकद संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. तुमच्या लिहिण्यात यातलं एकही मला स्पष्ट दिसत नाही. तुमचा अपराधीपणा त्याच्या अलीकडचा वाटतो. मी तिथे थांबलो नाही, तुम्ही थांबा. मी कॉल साडेनऊच्या पुढे घेणं बंद केलं, सर्टिफिकेशन अर्ध्यात सोडलं. झोप नीट लागायला तरी सात महिने गेले.

हेही सांगायला हवं की मी नाही म्हणू शकलो कारण घरात बायकोचाही पगार येत होता. ज्याच्या एकट्याच्या पगारावर घर आहे त्याला 'सोडून दे' म्हणणं सोपं नाही, आणि एवढ्यापुरतं दादाचं बरोबर आहे. आधी रक्त तपासून घ्या. जगणंच नको असं वाटलं तर थांबू नका, त्याच दिवशी १४४१६ वर फोन करा. टेली-मानसची सरकारी सेवा आहे, मोफत, मराठीतही बोलतात.

हे उत्तर मी दादाला पाठवणार आहे. बाबांच्या गच्चीवरच्या त्या सतरंजीवर तूही झोपायचास दादा, माझ्या शेजारी.