मरियाची साथीतल्या रांचेरा प्रेमगीतांचा कोणता अल्बम आधी ऐकावा?

रांचेरा म्हणजे मेक्सिकोच्या पारंपरिक धाटणीची गाणी आणि मरियाची म्हणजे त्यांना साथ देणारा तिथला वाद्यवृंद. माझ्या मते सुरुवात गायिका रोसिओ दुर्काल हिच्या १९७७ च्या अल्बमने करावी, ज्यात तिने मेक्सिकोचा गीतकार-संगीतकार हुआन गाब्रिएल याच्या रचना गायल्या आहेत. ती माद्रिदची, म्हणजे स्पेनमधली होती आणि तिथल्या चित्रपटांतली नायिका म्हणून आधीच प्रसिद्ध होती. तरीही मेक्सिकोच्या रसिकांनी तिला रांचेरा गायिका म्हणून मनापासून स्वीकारले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

ऐकताना साथीकडे नीट लक्ष द्यावे. व्हायोलिनचा ताफा गायिकेच्या दोन ओळींमधली जागा भरतो, ट्रम्पेट भावनेच्या ऐन शिखरावर उसळतात, पाच तारांची छोटी, गिटारसारखी विहुएला लय धरून ठेवते आणि गितार्रोन हे मोठ्या पोटाचे सहा तारांचे वाद्य एकाच वेळी दोन तारा छेडून तोच स्वर दोन सप्तकांत वाजवत खर्जाचा आधार देते. रांचेरा गाणी बहुधा तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये, दोन मात्रांच्या पोल्कात किंवा संथ बोलेरोत बांधलेली असतात, आणि विरहाची गाणी मला बोलेरोतच सर्वाधिक भिडतात.

अनेक रांचेरा गायक खुल्या, भरदार आवाजात दुःख जाहीरपणे मांडतात. दुर्काल मात्र पुष्कळदा आवाज आवरून, जवळ बसून सांगितल्यासारखी गाते, आणि म्हणूनच नव्या श्रोत्याला स्पॅनिश येत नसले तरी तिच्या गाण्यातली आर्तता लगेच कळते. त्यानंतर खुल्या आवाजाचा मेक्सिकन रांचेरा गायक विसेंते फर्नांदेस ऐकावा, म्हणजे हा फरक आपोआप लक्षात येईल.