वाफसा येईपर्यंत तळ उघडू नये

पुण्याहून दिवाळीच्या सुट्टीत कॅराव्हॅन घेऊन वाई-महाबळेश्वरकडे यावे का, तेव्हा मुक्कामाचे तळ उघडलेले असतात का आणि थंडीसाठी रात्री गाडीत शेगडी ठेवली तर चालेल का, असे आपण विचारले आहे. तळ उघडलेले असतात. माझ्या मते त्यांतले बरेचसे तेव्हा उघडलेले असायला नकोत, आणि हे मी स्वतः एका तळाचा मालक म्हणून लिहीत आहे.

वाईजवळच्या धोम धरणाच्या काठाला आमची वडिलोपार्जित थोडी जमीन उरली आहे, बाकीची धरणात गेली. उरलेल्यातला खालच्या अंगाचा दीड एकराचा तुकडा थोरले बंधू आणि मी मिळून तंबू आणि गाड्यांच्या मुक्कामासाठी देतो. दादांचा पहिल्यापासून एकच नियम आहे : दसऱ्याला नारळ फोडायचा आणि दिवाळीची गर्दी घ्यायची, कारण वर्षाची निम्मी कमाई त्या आठवड्यात होते. ज्या जमिनीत वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा पाणी निचरून ती मशागतीजोगी झाल्याशिवाय, आपण कुळव घालत नाही, त्याच जमिनीवर पाण्याच्या भरलेल्या टाकीसकट चार टनांची गाडी उभी करताना मात्र पंचांग बघायचे, हे मला कधीच पटलेले नाही.

2019 साली परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला. पाडव्याच्या संध्याकाळी एक कुटुंब टेम्पो ट्रॅव्हलरची बांधून घेतलेली गाडी घेऊन आले. नवरा-बायको, दोन मुले आणि सत्तरीच्या पुढच्या आजी. त्या दिवशी सकाळपासून कडक ऊन पडले होते, गवत हिरवेगार आणि वरून कोरडे दिसत होते. मी दुपारी पहार घेऊन खाली गेलो होतो. पहिले चार बोटे अंतर तिला जोर द्यावा लागला आणि त्यानंतर ती आपल्या वजनानेच हातभर आत गेली. बाहेर काढली तेव्हा टोकाला लोण्यासारखा काळा चिखल चिकटला होता. ती पहार मी तशीच नेऊन दादांना दाखवली. पाहुणे वाईपर्यंत आलेले आहेत, आता त्यांना परत कसे पाठवायचे, असे ते म्हणाले आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची चूक माझीच आहे.

रात्री दोनच्या सुमारास मुलाच्या रडण्याने जाग आली. गाडीचे मागचे डावे चाक आसापर्यंत खचले होते, गाडी कलली होती, आणि आजी झोपेतच फळीवरून घसरून दोन बाकांच्या मध्ये अडकल्या होत्या. त्यांना सुनेने आतून धरले आणि आम्ही दोघांनी दाराशी आधार देऊन बाहेर काढले. कोपराला खरचटण्यापलीकडे त्यांना काही झाले नाही, पण त्या ओल्या गवतावर बसून कितीतरी वेळ थरथरत होत्या आणि माझा हात सोडत नव्हत्या. सकाळी ट्रॅक्टर लावला तर त्याचीही मागची चाके जागेवरच फिरून खड्डे पाडू लागली. शेवटी चाकांखाली दगड आणि उसाचे पाचट भरून दुपारपर्यंत गाडी वर घेतली, तोवर सांडपाण्याचा पाइप तुटला होता. मी त्यांचे सगळे पैसे परत केले. चालकाने गाडी उतारावर लावायला नको होती, असे दादा आजही म्हणतात. ती जागा आम्हीच दाखवली होती.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. कच्च्या जमिनीवरच्या मुक्कामासाठी डिसेंबरच्या आधी येऊ नका, आणि त्या वर्षी पाऊस लांबला असेल तर त्याहूनही उशिरा या. पाण्याच्या अगदी कडेची जागा तर कधीच मागू नका. रब्बीच्या पिकांसाठी कालव्याला पाणी सुटले की धरणाचे पाणी हटत जाते आणि मागे गाळपेराची, म्हणजे पाणी हटल्यावर गाळावर पेरतात ती, सपाट जमीन उघडी पडते. ती वरून भेगाळून कोरडी दिसते, पण पापुद्र्याखाली ओल टिकून असते. शिवाय ती बहुधा संपादित जमीन असते, तिथे गाडी उभी करू देण्याचा अधिकार शेजारच्या शेतकऱ्यालाही नसतो. युरोपातले अनेक तळ हिवाळाभर बंद ठेवतात, त्यामागे नळ गोठण्याच्या भीतीबरोबर भिजलेल्या जमिनीचेही कारण असते, आणि जे चालू राहतात ते गाड्यांसाठी खडी टाकून पक्क्या जागा करून ठेवतात. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही. चिखलाचा आहे, आणि त्यावरचा उपाय तोच आहे.

शेगडीविषयी : कोळशाची शेगडी बंद गाडीत मुळीच ठेवू नका, निखारे विझत आले असले तरी ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला त्याने जाग येत नाही. स्वयंपाकाचा गॅसही ऊब आणण्यासाठी पेटता ठेवू नका. जाड रजया आणा, आणि कितीही थंडी वाटली तरी एक खिडकी दोन बोटे उघडी ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ पत्र्यावर जमून पहाटे अंथरुणावर ठिबकते. रात्री डोंगरावरची गार हवा उतरून धरणाच्या खोलगट भागात साचते, त्यामुळे काठापेक्षा थोड्या चढावरची जागा कमी गारठते. ती निचऱ्यालाही चांगली असते.

एक मान्य करायला हवे. महाबळेश्वर-पाचगणीकडे जांभ्यावर किंवा मुरमाड माळावर तळ असेल, तर तिथे भरपूर पाऊस पडूनही (महाबळेश्वरला तो पाच हजार मिलिमीटरहून अधिक असतो) पाणी लवकर निचरते आणि दिवाळीतला मुक्काम निभावतो. माझे म्हणणे खोऱ्यातल्या काळ्या जमिनीपुरते आहे. वर जाताना सुरूर फाट्यावरून वाईत या, पसरणी घाट दिवसाउजेडी चढा, आणि उतरताना खालचा गिअर सोडू नका. तळाच्या मालकाला फोनवर एवढेच विचारा, की गाडी मुरमावर उभी राहणार की गवतावर.

आमच्याकडे पंचवीस फूट लांब, बारा फूट रुंद आणि फूटभर जाडीचा, गाडी उभी करायचा एक पक्का ओटा करायला तीन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम लागतो. चार ओट्यांचा बारा ब्रास होतो, आणि तो खर्च पाण्यात जाईल असे दादांना वाटते. दोन ओटे मी गेल्या उन्हाळ्यात माझ्या पैशांनी रोलर फिरवून करून घेतले आहेत आणि पावसाळाभर त्यांवर भरलेली ट्रॉली उभी ठेवली होती. तिची चाके बोटभरही खचली नाहीत, हे दादांनी स्वतः येऊन पाहिले आहे. उरलेल्या दोन ओट्यांना त्यांचा होकार अजून यायचा आहे.