मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात डेथटच (ज्या क्रीचरला थोडाही डॅमेज बसला तो मरतो) आणि ट्रॅम्पल (ब्लॉकरला पुरेसा देऊन उरलेला डॅमेज समोरच्या प्लेयरला जातो) एकत्र आले तर डॅमेज कसं वाटायचं?

ब्लॉकरला, म्हणजे अटॅक अडवणाऱ्या क्रीचरला, फक्त 1 द्यायचा, बाकी सगळा थेट प्लेयरला. म्हणजे तुझा 6/6 अटॅकर (6 डॅमेज देणारा, टफनेस म्हणजे सहनशक्ती 6) आहे आणि समोरच्याने 5/5 ने ब्लॉक केलं तर 1 ब्लॉकरवर आणि 5 प्लेयरवर, कारण रूल 702.2सी सांगतो की डेथटचवाल्याचा शून्याच्या वरचा कितीही डॅमेज लीथल, म्हणजे जीवघेणाच धरायचा, टफनेस बघायचीच नाही. दोन ब्लॉकर असतील तर दोघांना एकेक, उरलेले 4 प्लेयरवर.

खरी गंमत इनडिस्ट्रक्टिबल (नष्ट न होणाऱ्या) ब्लॉकरची आहे, तिथे बरेच जण अडतात की तो मरतच नाही मग 1 कसा पुरेल, पण वाटताना ‘मरेल का’ हा प्रश्नच नसतो रे, तिथेही 1 च पुरतो, ब्लॉकर जिवंत राहतो आणि प्लेयरला तरी 5 बसतातच.