तुमचा प्रश्न: रायझन ९ ९९५०एक्ससाठी मदरबोर्ड कोणता?

प्रश्न: व्हिडिओ एडिटिंग आणि थ्रीडी रेंडरिंगसाठी पीसी बिल्ड करतोय, प्रोसेसर रायझन ९ ९९५०एक्स ठरलाय. लॅमिंग्टन रोडवर एक दुकानदार म्हणतो बी६५० मदरबोर्ड पुरेल, दुसरा म्हणतो एक्स६७०ई शिवाय घेऊच नको. काय करू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: अरे, चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य चिपच्या, म्हणजे बी६५० की एक्स६७०ई) नावावर जाऊ नकोस, आधी व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग) बघ. हा प्रोसेसर फुल लोडवर २३० वॅटपर्यंत पॉवर खेचतो, आणि रेंडर तासन् तास चालतं, त्यात आपल्या मुंबईचा मे महिना आणि खोलीत एसी नसेल तर स्वस्तातल्या बोर्डाचं व्हीआरएम तापून प्रोसेसरचा स्पीडच खाली येतो. सॉकेटशेजारी (प्रोसेसर बसतो त्या जागेशेजारी) उष्णता शोषणारं जाडजूड हीटसिंक असलेला चांगला बी६५० घेतलास तरी मस्त चालेल. एक्स६७०ई चे जास्तीचे पैसे दोन-तीन एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आणि कॅप्चर कार्ड (बाहेरचा व्हिडिओ पीसीत घेणारं) लावणार असशील तरच मोज, नाहीतर ते रॅममध्ये घाल.

रॅम मात्र दोनच स्टिक घे, ३२-३२ जीबीच्या. चार लावल्यास की या डीडीआर५ रॅमचा अधिकृत स्पीड ५६०० वरून थेट ३६०० वर येतो, हे काउंटरवर सहसा कोणी सांगत नाही.

आणि हो, ६०० सिरीजच्या बोर्डांचा (बी६५०, एक्स६७०ई) जुना स्टॉक असेल तर बायॉस (बोर्डाचं अंगभूत सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय तुझ्यासारख्या ९००० सिरीजच्या प्रोसेसरवर पीसी बूटच (सुरूच) होणार नाही, तेव्हा मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं (पेन ड्राइव्हवरून बायॉस अपडेट करायचं) बटण आहे ना बघून घे किंवा दुकानातच अपडेट करून माग.